पैऱ्यांचं भांडण

मंदे, प्रयोग झाला.

नाट्यगृह भरलं होतं. नांदी ठरल्या वेळेला सुरू झाली, आपल्या मंडळात बहुधा पहिल्यांदाच. पडदा अडकला नाही, माईक शिट्ट्या मारत बसला नाही, आणि पहिल्या रांगेतले पाहुणे चक्क शेवटपर्यंत बसले. पण तुला यातलं काही ऐकायचं नसेल. तुझं एकच असायचं, 'ते राहू दे वं वसे, चुकलं काय ते सांग.' सांगते. पण पहिल्यापासून सांगते, अन् मधे तोंड घालू नको.

तुझ्या भावाचा फोन आला त्या सकाळी मी पोळ्या लाटत होते. 'ताई गेली,' म्हणाला. मी म्हटलं, 'इतक्या सकाळी?' मला वाटलं तू भनपुरीला गेलीस, गोदामात, नव्या नाटकातल्या दरवाजाचा रंग वाळला का ते पाहायला. त्यानं परत सांगितलं. मी गॅस बंद केला, हात धुतले, कणीक झाकून ठेवली, आणि मग मला कळलं आपण काय ऐकलं ते. तेलीबांध्याहून ब्राह्मणपाऱ्यात तुझ्या घरी पोचेपर्यंत डोक्यात एकच चालू होतं, की आदल्या संध्याकाळचं आपलं भांडण अर्धंच आहे. रडू नंतर आलं. आधी रागच आला तुझा, खोटं कशाला बोलू.

मंडळाच्या स्मरणिकेसाठी तुझ्यावर लिहायचं तर जन्म, शिक्षण, शाळेतली चित्रकलेची नोकरी, सत्कार असं सगळं लागतं म्हणे. ते दिनूभाऊ लिहितील. मंडळाचे दिग्दर्शक आहेत, नाटकं तेच लिहितात, त्यांच्याजवळ सगळ्यांची माहिती असते. मी आपली तुझ्याशी बोलते.

तू येण्याआधी आपला कपडेपट नागपूरहून भाड्यानं यायचा, ते तू पाहिलंस का कधी? पत्र्याच्या पेट्या यायच्या. उघडल्या की डांबराच्या गोळ्यांचा आणि दुसऱ्याच कोणाच्या तरी घामाचा वास. शालूची जर काळी पडलेली. मी तेव्हा काडीसारखी होते आणि शालू आणि चोळी कोण्या धिप्पाड बाईच्या मापाची, म्हणून पाठीवर टाचण्याच टाचण्या. तान घेतली की एखादी टोचायची. पण मला त्याचं काही वाटायचं नाही. माझं म्हणणं स्पष्ट होतं, संगीत नाटक गाण्यावर उभं राहतं. लोक मला ऐकायला येतात, शालू पाहायला नाही. आणि मग एका तालमीला तू आलीस, कोणाची तरी मैत्रीण म्हणून, कोपऱ्यात बसलीस, आणि चहाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणालीस, 'गाणं चांगलं आहे तुमचं, पण तुम्ही सारा वेळ शालू सांभाळून राहिल्या.'

आपली ओळख झाली ती अशी. आठवडाभर मी धुसफुसले. मग मीच तुझा पत्ता शोधत आले.

पहिलं माप तू घेतलंस ते माझ्या अंगाला अजून आठवतं. दुकानातले शिंपी म्हणतात, श्वास सोडून सरळ उभ्या राहा. तू छातीभोवती टेप लावलीस आणि म्हणालीस, 'गा.' मी विचारलं, काय गाऊ? 'तुले सगळ्यात जड जाते ते गा.' मी वरच्या सा पर्यंत तान नेली. टेप तुझ्या बोटांतून सरकत गेली आणि जिथं थांबली तिथं तू नख दाबून धरलंस. त्या मापाची चोळी शिवलीस, काखेत त्याच कापडाची बारीक कळी घातलीस. बाहेरून दिसायची नाही, पण श्वास भरला की उघडायची. त्यानंतर मी कधी चोळीत अडकून गायले नाही. वरचे सूर मोकळे लागायला लागले तेव्हा लोक म्हणाले, वसुधाताईंचा आवाज या वयात उलट खुलून राहिला. मी हसून मान हलवायची. तुझ्या कळीचं नाव मी कोणाजवळ घेतलं नाही, आणि तुला तरी कुठं त्याची पडली होती. तुझं कौतुक केलं असतं तर म्हणाली असतीस, 'मग दुसऱ्या पदात पदर काहून ओढत होती?'

आणि तो तुझा नियम. तालमी सुरू झाल्या की कपडे ज्याचे त्यानं घरी न्यायचे, अंगावर घालायचे आणि घरातली कामं करायची. त्याशिवाय स्टेजवर घालायचे नाहीत. 'कपड्यात नुसतं उभं राहून पाहू नका, त्यात जगा थोडं,' असं तू म्हणायचीस आणि आम्ही तुझ्या पाठीमागं तुझी नक्कल करायचो. दिनूभाऊ एका नाटकात सरदार होते. सकाळी पगडी अन् अंगरखा घालून स्कूटरवर दूध आणायला निघाले, तर चौकातल्या ट्रॅफिकवाल्यानं अडवलं, 'भैया, बाकी बारात किधर है?' दिनूभाऊंनी शपथ घेतली की पुन्हा म्हणून तुझं ऐकणार नाही. पण प्रयोगात त्यांनी पगडी घालून मान अशी वळवली, की आयुष्यात कधी टोपीसुद्धा न घातलेला माणूस आहे हा, असं कोणी म्हणालं नसतं. मी शालू नेसून वरण फोडणीला टाकायची. आमचे हे विचारायचे, 'आज कोण येऊन राहिलं?' मंदा येऊन राहिली, म्हणायची मी, नजर ठेवायला.

आणि त्या कोसा साडीची गोष्ट. ती तर लिहिलीच पाहिजे, कारण त्यात तुझी चूक होती, आणि तुझ्या चुका तशा कमी सापडतात.

छत्तीसगड नवं राज्य झालं होतं. रायपूर राजधानी झालं, रोज नव्या पाट्या लागून राहिल्या होत्या, ज्याला त्याला काहीतरी इथलं दाखवायचं होतं. आपल्याला एका समारंभात प्रयोग मिळाला, समोर मोठमोठे अधिकारी. तू म्हणालीस, नायिकेला इथला कोसा, इथलं रेशीम नेसवू. सुंदर साडी होती, पिकलेल्या धानाच्या रंगाची. आणि मागं घराची मातीची भिंत. भनपुरीच्या त्या ट्रकांच्या गोंगाटात, तुझ्या भावाच्या गोदामात बसून तू कित्येक आठवडे ती भिंत रंगवलीस. हातानं लिंपल्याचे वळसेसुद्धा काढलेस. फक्त तिथल्या दिव्यांखाली पाहिलं नाहीस. नवीन हॉल, नवीन दिवे, सगळे पिवळेजर्द. पहिल्या अंकात मी आले आणि नाहीशी झाले. भिंत तीच, साडी तीच, उजेड तोच. दिनूभाऊ समोर बसून पाहत होते. नंतर म्हणाले, एक तोंड अन् दोन हात हवेत गाऊन राहिले होते.

मध्यंतरात मी रंगपटात रडले. तू नाही रडलीस. तू म्हणालीस, 'फ्लॅट फिरवा.' आपलं मंडळ गरीब, एकाच फ्लॅटच्या, म्हणजे रंगवलेल्या कापडी चौकटीच्या, दोन्ही बाजू आपण वापरायचो, आणि मागच्या बाजूला आदल्या नाटकातली निळी रात्र होती. लोकांचा चहा संपायच्या आत तू ती भिंत उलटी केलीस, दिवेवाल्याला पिवळे विझवायला लावलेस. पडदा उघडला, अंगणात मी उभी, मागं सगळं निळं, आणि तो कोसा असा उजळला की मी तोंड उघडायच्या आधी टाळ्या पडल्या.

मला अपमान वाटला, मंदे. खरंच वाटला. गाण्याला नाही, साडीला टाळ्या. घरी जाताना रिक्षात मी तुझ्याशी बोलले नाही. तू मात्र स्वतःवरच चिडली होतीस, 'दिव्यात न पाहता रंग लावला, अक्कल काय शेण खायला गेली होती माही?' मी विचारलं, इतके दिवस रंगवलेली भिंत पालथी घातलीस, वाईट नाही वाटलं? 'भिंत कायले माही, नाटकाची होती,' म्हणालीस आणि झोपलीस रिक्षातच.

तर हे नवं नाटक. दिनूभाऊंनी लिहिलेलं. भोसल्यांच्या काळात नागपूरहून नवरी होऊन रायपूरला आलेली यशोदा. तिचं सगळं आयुष्य इथं जातं. शेवटी राज्यच जातं, फौज परत नागपूरला निघते, घरातले सगळे सामान बांधतात, आणि ती म्हणते, मी नाही येत. गाडी निघताना ती जाणाऱ्यांजवळ निरोप देते, तीच आपली शेवटची भैरवी. तिची शेवटची ओळ, 'माहेरी सांगा, मी पोचले.'

मला ते पद फार आवडलं आणि मी ते ताबडतोब बसवलं, जरा चढ्या लयीत, तबल्याबरोबर, शेवटी तिहाई. तू ऐकलंस आणि काहीच बोलली नाहीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मग तुझं नेपथ्य आलं. एक मोठा लाकडी दरवाजा, तीन तुकड्यांचा. पहिल्या अंकात पूर्ण, नागपूरहून आणल्यासारखा, नक्षीदार. दुसऱ्या अंकात चौकट तेवढी. तिसऱ्यात काहीच नाही, नुसता मोकळा मंच. आणि कपडेही तसेच. पहिल्यात मला शालू, नथ, खोपा, सगळा थाट. दुसऱ्यात साधा शालू, नथ नाही. आणि शेवटच्या पदाला, ज्या पदासाठी मी आयुष्यभर गात आले असं मला वाटत होतं, त्या पदाला तू मला इथल्या गावातल्या बायांचा लुगरा दिलास. जाडाभरडा, घोट्याच्या वर. आणि पायात पैऱ्या. गिलटाच्या, चांगल्या जाड, आत खडे असलेल्या, पाय हलला की वाजणाऱ्या.

मी म्हटलं, 'या सुजलेल्या पायांनी मी घोटे दाखवत भैरवी म्हणू?'

'लुगडं काय अन् लुगरा काय, तुले कमरेलेच गुंडाळायचं आहे नं.'

'अन् या पैऱ्या? पाऊल टाकलं की वाजतात. माझी लय जाईल.'

'मग तबला काढ.'

संगीत नाटकातून तबला काढ म्हणणारी तू पहिलीच. तू म्हणालीस, ती बाई चालून राहिली आहे, तिच्या पायांचा ठेका आहे तोच ठेका, तबलजी कायले पाहिजे मधात? मी म्हटलं, मग तूच गा. तू म्हणालीस, गळा असता तर गायलीच असती. असं किती दिवस चाललं. दिनूभाऊ दोघींच्या मधून चहा घेऊन निघून जायचे.

शेवटल्या संध्याकाळी तुझ्या घरी तू मला एकदम विचारलंस, 'वसे, खरं सांग. तू पैदा इथं झाली, तुझे पोट्टे हिंदीत उत्तर देतात, नागपूरले गेलो की लोक म्हणतात छत्तीसगडवाले आले. मग लुगऱ्यात तुले कोणाची लाज वाटून राहिली?' मी म्हटलं, लाज नाही, लय बिघडते. ते खरंच होतं. पण तेवढंच खरं नव्हतं. या गावात इतकी वर्षं मी मराठी नायिका म्हणून नटून उभी राहत आले. बाहेर सगळा दिवस ऑफिसात 'मैडम' ऐकायचं, भाजीवालीशी छत्तीसगढीत बोलायचं, घरी पोरांशी हिंदीत. शालू नेसला की मी मराठी असायची. तोच तू काढून घेत होतीस, आणि तेही शेवटच्या पदाला.

मी म्हटलं, 'मी नाही घालणार.'

'नको घालू. पिशवी घेऊन जा.'

'कशाला?'

'घरी घाल. भाजी चीर. मग उद्या ये अन् भांड.'

तू चहा केलास, त्यात नेहमीसारखी दुप्पट साखर. मी पिशवी स्कूटरच्या हुकाला लावली आणि आले. बस, एवढंच. याच्यापुढचं तू मला काही बोलली नाहीस.

तेरावं झाल्यावर सगळे दिनूभाऊंकडे जमलो. प्रयोग रद्द करायचा म्हणाले काही जण. मग ठरलं, करायचा, तुझ्या आठवणीत करायचा. आणि मग जो तो म्हणायला लागला, की शेवटचं पद मंदाताईंनी सांगितलं तसंच करू, लुगरा, पैऱ्या, तबला नाही, ती त्यांची शेवटची इच्छा होती. सगळ्यांचे डोळे भरलेले. आणि मला काय झालं कोण जाणे, मी भडकले. म्हटलं, 'इच्छा बिच्छा काही नव्हती. भांडण होतं ते आमचं. दया म्हणून कोणी तिचं ऐकलेलं तिला खपलं नसतं. मेली म्हणून जिंकली, असं तुम्ही तिला करून राहिले?'

दिनूभाऊ म्हणाले, 'बरं ताई. तुम्ही म्हणाल तसं करू.'

इथं मी अडकले. इतकी वर्षं मी म्हणेन तसं कधी झालंच नव्हतं. मी म्हणायची, तू नाही म्हणायचीस, आणि दोघींच्या ओढाताणीत जे उरायचं ते नाटकात जायचं. आता मी शालू म्हटला असता तर शालू, लुगरा म्हटला असता तर लुगरा. तबला ठेव म्हटलं असतं तर ठेवला असता, कोणी हूं की चूं केलं नसतं. आणि तू नसताना मला माझीसुद्धा बाजू नीट आठवेना. प्रयोग जवळ आला होता आणि शेवटचं पद कसं उभं करायचं ते मला एकटीला ठरवायचं होतं. मला तुझी इतकी गरज कधी पडली नव्हती, मंदे. तुझा भयंकर राग आला.

मग दुसऱ्या दिवशी पिशवी काढली. तुझं ऐकायचं म्हणून नाही, तपासायचं म्हणून. लुगरा नेसले, पैऱ्या चढवल्या आणि भाजी चिरायला बसले.

पहिला दिवस नुसता त्रास. पैऱ्या घोट्याला काचत होत्या. टेबलाच्या पायाला अडकत होत्या. इकडून तिकडे गेलं की आवाज. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या दीदी वर आल्या, 'आंटी, सुबह से ये छम छम क्या हो रहा है? बहू आई है क्या?' मी म्हटलं, 'मैं ही हूँ दीदी, नाटक है.' त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. 'इस उम्र में?' मी म्हटलं, 'हव.' हे पेपरामागं हसत होते, मला दिसत होतं.

पण दोनचार दिवसांनी काचायच्या कमी झाल्या. मग लक्षात आलं की पैऱ्या घालून भराभर चालताच येत नाही. पाऊल आपोआप जड पडतं, टाच आधी टेकते, मग बोटं. एका संध्याकाळी देवाजवळ दिवा नेत होते. हातात दिवा, पायात पैऱ्या, घाई करायची सोय नाही. सवयीनं भैरवी गुणगुणत होते आणि ती त्या पावलांत जाऊन बसली. मी बसवली नाही, तीच बसली. इतकी सावकाश मी ती कधी म्हटली नव्हती. 'माहेरी' या शब्दावर माझा श्वास दुसऱ्याच जागी आला, आणि तिथं आल्याबरोबर मला पहिल्यांदा कळलं की ती बाई काय सांगून राहिली. आजवर मी त्या पदातून पळत होते. तिहाई घेऊन टाळी मिळवायची आणि सुटायचं.

दिवा देवाजवळ ठेवला आणि तिथंच खाली बसून रडले. तुझ्या घरी नव्हते रडले इतकी रडले. हे आले, बाजूला बसले. मी म्हटलं, हे तिनं मला तोंडानं का नाही सांगितलं? हे म्हणाले, 'तू ऐकलं असतं?'

नसतं ऐकलं. ते तुला माहीत होतं आणि म्हणून तू पिशवी दिलीस. तुझे उपकार मी कधी मोजले नाहीत आणि आता मोजायला बसले तर हे लिहून व्हायचं नाही.

पण थांब, फार खूश होऊ नको. तू म्हणाली होतीस, यशोदा चालत चालत गात जाईल, शेवटच्या शब्दापर्यंत चालेल आणि तशीच दिसेनाशी होईल. मी ते हॉलमध्ये, गच्चीवर, सगळीकडे करून पाहिलं. नाही जमत. पैऱ्या 'मी पोचले' या शब्दावर चढतात. शब्द ऐकूच येत नाही, नुसता खड्यांचा आवाज. अगं, जी पोचली ती चालेल कशाला? तिनं थांबायला हवं. पाय थांबले, पैऱ्या थांबल्या, आणि मग त्या शांततेत शेवटची ओळ. तू चुकलीस, मंदे, तू इथं साफ चुकलीस. मला इतका आनंद झाला की मी फोन उचलला, तुझं नाव काढलं, आणि मग हातात धरून उभी राहिले. तो आनंद कुठं ठेवावा ते कळेना.

दिनूभाऊंना सांगितलं. तबलजी दोन दिवस फुगून बसला. दिनूभाऊंनी पेटीवर नुसता सूर धरला, मी मोकळ्या जागेत चालले, थांबले आणि म्हटलं. संपल्यावर ते म्हणाले, 'यात तुम्ही दोघी आहात.' मी म्हटलं, भांडणात नेहमी दोघीच असतात.

तर प्रयोग. पहिल्या अंकात पडदा उघडला, तुझा तो दरवाजा दिसला आणि लोकांनी श्वास आत ओढला, मला विंगेत ऐकू आलं. या वेळी अपमान वाटला नाही. मी त्या दरवाजातून आत आले आणि इतकी लहान दिसले असेन, की नवरी म्हणून वेगळं काही करावंच लागलं नाही. दुसऱ्या अंकाआधी तो घाईचा कपडेबदल असतो, तू दातांत पिना धरून करायचीस तो. या वेळी माझी मीच नेसले, अंधारात, चाचपडत. तिसऱ्या अंकात दरवाजा नव्हता. मोकळ्या मंचावर मी लुगरा नेसून उभी राहिले आणि पहिलं पाऊल टाकलं. पैरी वाजली. मागच्या रांगांमध्ये कोणीतरी ओळखून हसलं, प्रेमानं हसलं, घरातलं कोणी दिसल्यावर हसतात तसं. मग सगळं शांत झालं. मी चालले, माझ्या पायांच्या लयीत गायले, आणि मधोमध येऊन थांबले. पैऱ्यांचा शेवटचा खडा निजेपर्यंत वाट पाहिली. मग म्हटलं, माहेरी सांगा, मी पोचले.

माझे सुजलेले घोटे सगळ्यांना दिसत होते. मला त्यांची लाज वाटली नाही.

दिवे गेले. मी अंधारात चालत विंगेत आले, पैऱ्या वाजवत. आणि सवयीनं पाठ करून उभी राहिले. तू पाठीवरच्या पिना काढायचीस आणि काढता काढता सांगायचीस कुठं काय चुकलं ते. 'छान' हा शब्द तुझ्या तोंडून मी कधी ऐकला नाही, आणि मला तो कधी लागलाही नाही. थोडा वेळ तशीच उभी होते. कोरसमधल्या मुली आल्या, 'काकू, बहुत अच्छा,' 'काकू, रुला दिया.' तबलजीनं पाया पडून नमस्कार केला. दिनूभाऊ आले, माझा हात धरून नुसते म्हणत होते, छान झालं, ताई, छान झालं. पाहुणे आले, फुलं आली, फोटो झाले. सगळे छान म्हणून राहिले होते.

आणि दुसऱ्या अंकातल्या शालूची घडी करायला घेतली तेव्हा मला दिसलं, पिन पदराच्या उलट्या बाजूनं लावलेली. एवढ्या भरलेल्या नाट्यगृहात, मंदे, एकालाही दिसलं नाही, की अख्खा दुसरा अंक माझा पदर उलटा होता.